चौसष्ट जीबी आणि चाळीस गाणी

गाडीच्या स्टिरिओसाठी पेन ड्राइव्ह घेणं ही मध्यमवर्गीय घरातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत लांबलेली खरेदी आहे. दहा लाखांची गाडी तुलनेने लवकर ठरते. रंगावरून एक रविवार जातो, मॉडेलवरून दोन जातात, आणि चाकाखाली लिंबू ठेवून गाडी दारात येते. मग कुणाच्या तरी लक्षात येतं की गाडीत गाणीच नाहीत. एफएमवर दोन जाहिरातींच्या फटीत सापडलं तर गाणं. सीडी घालायचं तोंड नव्या गाड्यांना उरलेलंच नाही. कॅसेटचा खोका माळ्यावर आहे आणि माळ्यावर चढणारा माणूस पुण्याबाहेर नोकरीला आहे. उरला पेन ड्राइव्ह. काही शे रुपयांची वस्तू, पण दुकानात तिच्यापुढे उभं राहिलं की भल्याभल्यांचा अर्जुन होतो.

दुकानातला मुलगा काउंटरवर पाकिटं मांडतो. सोळा जीबी, बत्तीस, चौसष्ट, एकशे अठ्ठावीस. प्रत्येक पायरीला आकार दुप्पट होतो आणि किंमत मात्र किरकोळ चढते. "काका, बत्तीसपेक्षा चौसष्ट घ्या ना, शंभरच रुपये जास्त आहेत." इथे आपल्या रक्तातला हिशेब जागा होतो. शंभर रुपयांत आणखी बत्तीस जीबी मिळत असताना ते सोडून येणं म्हणजे घरी आलेल्या लक्ष्मीला दारातून परत पाठवणं. ज्या माणसाने अर्ध्या लिटरच्या वर दुधाची पिशवी कधी उचलली नाही, तो एकशे अठ्ठावीसच्या पाकिटाकडे बघू लागतो. आपल्याला किती लागतं, हे कुणी विचारत नाही. कितीला किती मिळतं, एवढीच चौकशी होते.

लागतं किती, हा हिशेब तसा सोपा आहे. साध्या दर्जाचं, म्हणजे १२८ केबीपीएसचं एमपीथ्री गाणं मिनिटाला साधारण एक एमबी जागा खातं. चोखंदळ कानांसाठी ३२० केबीपीएसचं घेतलं तरी मिनिटाला अडीच एमबीच्या आत काम भागतं. पाच मिनिटांचं गाणं म्हणजे बारा एमबी. या दराने ३२ जीबीत अडीच हजारांहून जास्त गाणी मावतात आणि सलग लावली तर दोनशे तासांच्या वर चालतात. मुंबई-गोवा प्रवासाला बारा तास धरले, तर एकही गाणं पुन्हा न ऐकता सतरा-अठरा वेळा गोव्याला पोचता येईल. ६४ जीबी घेतला तर खेपा पस्तिसाच्या पुढे जातात. त्या महामार्गाचं काम ज्या चालीने चाललं आहे ती पाहता काही अनुभवी मंडळी चौसष्टच घ्या म्हणतात, आणि त्यांना वेड्यात काढता येत नाही.

पण अडीच हजार गाणी ऐकतो कोण? माणसाची खरी आवड चाळीस गाण्यांची असते. हे कुणी चारचौघांत कबूल करत नाही. गप्पांमध्ये प्रत्येक जण कुमार गंधर्वांपासून कोक स्टुडिओपर्यंत सगळं ऐकत असतो. गाडीत मात्र बोट 'पुढचं गाणं' या बटणावरून हलत नाही, ते त्या चाळिसांपैकी एखादं हाती लागेपर्यंत. बाकीची दोन हजार चारशे साठ गाणी ओलांडण्यासाठी भरलेली असतात.

ड्राइव्ह घरी आणून संगणकाला लावला की पहिला धक्का बसतो. पाकिटावर ३२ जीबी आणि पडद्यावर २९.८. आमच्या सोसायटीतले एक निवृत्त काका अशा वेळी पाकीट घेऊन तडक दुकानात गेले होते. "दोन जीबी कमी भरले," ते म्हणाले. आयुष्यभर वाण्याच्या काट्यावर नजर ठेवलेला माणूस तो. दुकानातल्या मुलाने समजावलं की कंपनी एक जीबी म्हणजे एक अब्ज बाइट धरते, विंडोज मात्र १,०७,३७,४१,८२४ बाइट धरतं. आपापल्या जागी दोघंही बरोबर, आणि मधल्या मध्ये गिऱ्हाइकाचे दोन जीबी गेलेले. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "असू दे. मग निदान एक कव्हर तरी दे."

आकारानंतर पाकीट बढाई मारतं ती वेगाची. सेकंदाला १५० एमबी, कुणाचे ४०० एमबी. आता ३२० केबीपीएसच्या गाण्याला सेकंदाला लागतात ४० केबी. म्हणजे ज्याला चमचाभर पाणी हवं त्याच्या दारात धरणाचे दरवाजे उघडायचे. १९९६ मध्ये यूएसबी पहिल्यांदा आलं तेव्हाचा त्याचा सेकंदाला १२ मेगाबिटचा वेगसुद्धा गाण्याच्या गरजेच्या पस्तीस-चाळीस पट भरतो. या वेगाचा फायदा होतो तो घरी गाणी भरताना. गाणी भरायला दहा मिनिटांऐवजी दोन मिनिटं लागतात, आणि वाचलेल्या आठ मिनिटांत आपण आणखी गाणी शोधतो.

एकूण काय, तर पेन ड्राइव्हच्या पाकिटावर जे मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं त्याचा गाडीत काडीचा उपयोग नाही, आणि गाडीत जे लागतं ते पाकिटावर कुठेच छापलेलं नाही.

कारण पेन ड्राइव्ह पसंत करणारे आपण नसतोच. पसंती असते स्टिरिओची. आणि गाडीतला स्टिरिओ म्हणजे लग्नातला मुलाकडचा मामा. त्याला काय हवं ते तो आधी सांगत नाही. हवं ते मिळालं नाही की मात्र 'नो फाइल' असं कपाळावर लिहून बसून राहतो.

मामांचं पहिलं मागणं फॅट-३२. ड्राइव्हवर कुठली फाइल कुठे ठेवली आहे याची नोंद ठेवायच्या वेगवेगळ्या पद्धती आहेत. त्यांतली फॅट ही मायक्रोसॉफ्टमध्ये १९७७ मध्ये जन्मली. तिचं फॅट-३२ हे रूप १९९६ मध्ये विंडोज ९५च्या सुधारित आवृत्तीबरोबर आलं. २००६ मध्ये खास फ्लॅश ड्राइव्हसाठी एक्सफॅट आलं. संगणक पुढे गेले, फोन पुढे गेले, पण रस्त्यावरच्या कितीतरी गाड्यांचे स्टिरिओ फॅट-३२ वर ठाम आहेत. एक्सफॅट किंवा एनटीएफएस समोर आणलं की ते ओळखच दाखवत नाहीत. आणि गंमत अशी की ६४ जीबी आणि त्यावरचे ड्राइव्ह कारखान्यातून बहुधा एक्सफॅट होऊनच येतात.

मग फॅट-३२ करून घ्यावा, तर त्यातही मेख आहे. विंडोजच्या फॉरमॅटच्या खिडकीत ३२ जीबीपेक्षा मोठ्या ड्राइव्हला हा पर्यायच वर्षानुवर्षं दिसलेला नाही. दोष फॅट-३२ चा नाही. ती याहून कितीतरी मोठ्या ड्राइव्हवर सुखाने नांदते. नव्वदच्या दशकात मायक्रोसॉफ्टमधल्या डेव्ह प्लमर या अभियंत्याने ती खिडकी लिहिली आणि ३२ हा आकडा एका सकाळी स्वतःच ठरवून टाकला. पुढे चांगली खिडकी येईल, तोवरची तात्पुरती सोय म्हणून. चांगली खिडकी काही आली नाही आणि तात्पुरती सोय तीस वर्षं टिकली. जिल्हा परिषदेच्या शाळांवरचे तात्पुरते पत्रे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना यात नवल वाटायचं कारण नाही.

म्हणजे शंभर रुपये जादा मोजून चौसष्टवाल्याने काय विकत घेतलं, तर एक शनिवार. त्या शनिवारी पुतण्याला बोलवायचं. त्याच्यासाठी पोहे करायचे. त्याने लॅपटॉपवर कुठलं तरी सॉफ्टवेअर उतरवायचं. "काका, आतलं सगळं उडेल हं," असं त्याने म्हणायचं, आणि आत काहीही नसताना काकांनी घाबरायचं. बत्तीसवाला तेवढ्यात उजवं बटण दाबून, फॅट-३२ निवडून मोकळा झालेला असतो आणि खाली उतरून गाणी ऐकत असतो.

काही महत्त्वाकांक्षी लोक पेन ड्राइव्हवर न थांबता अख्खी हार्ड डिस्कच गाडीला जोडतात. यूएसबी २.०च्या नेहमीच्या पोर्टमधून मिळतो ५०० मिलिअँपिअर करंट. त्यावर ती डिस्क नुसती गुरगुरते. फिरलीच, तर आत वेगाने फिरणारी तबकडी आणि बाहेर आपले खड्डे. त्यापुढचं सांगायला नको.

मामांचं दुसरं मागणं तब्येतीचं आहे. ड्राइव्ह बुटका हवा. पोर्ट असतं गिअरच्या पुढ्यात, जिथे चालकाचा गुडघा, बाटलीचा कप्पा आणि शेजारी बसणाऱ्या बाईंची पर्स यांची कायम वाहतूक चालू असते. तिथे तीन इंच लांबीचा ड्राइव्ह खोचला की आठवडाभरात तो वाकतो किंवा पोर्टला वाकवतो. बँकेने दिवाळीला भेट दिलेले, गणपतीच्या किंवा क्रिकेटच्या बॅटच्या आकाराचे ड्राइव्ह तर या वाहतुकीत टिकतच नाहीत. म्हणून नखाएवढे ड्राइव्ह निघाले आहेत. ते पोर्टमध्ये बसले की बसले. काढायचे म्हटलं तर नखं वाढवावी लागतात, आणि काढले की हातातून सुटून सीटखाली जातात. सीटखाली गेल्या उन्हाळ्यातले शेंगदाणे आणि जुनी पार्किंगची पावती सापडते. ड्राइव्ह सापडत नाही.

खोचण्याचीही एक पद्धत असते. पहिल्यांदा जात नाही. उलटा करून जात नाही. पुन्हा पहिल्यासारखा केला की जातो. यूएसबी ज्यांच्या पुढाकाराने घडलं ते इंटेलमधले अजय भट्ट बडोद्याला शिकलेले, म्हणजे सयाजीरावांच्या विद्यापीठातले. दोन्ही बाजूंनी बसणारा प्लग करायचा तर तारा आणि सर्किटं दुप्पट लागली असती आणि खर्च वाढला असता, असं त्यांनी नंतर सांगितलं आहे. खर्च वाचवण्याची ही ओढ आपल्याला तरी पटायला हवी. २०१४ मध्ये दोन्ही बाजूंनी बसणारं टाइप-सी आलं. आता नव्या गाड्यांत फक्त टाइप-सीचं भोक असतं आणि घरातले सगळे ड्राइव्ह जुन्या तोंडाचे. शिवाय ज्या पोर्टशेजारी नुसती वीज काढलेली असते ते बहुधा फक्त चार्जिंगचं असतं. त्यात ड्राइव्ह खोचून अर्धा तास गाण्याची वाट पाहणारे लोक आहेत. ड्राइव्ह चार्ज होत असेल, अशी त्यांची समजूत असते.

उन्हाचंही थोडं पाहावं लागतं. घरगुती वापराच्या ड्राइव्हना कंपन्या साधारण शून्य ते साठ अंश सेल्सिअसपर्यंत चालण्याची हमी देतात. चंद्रपूर-नागपुरात मे महिन्यात सावलीतच पंचेचाळीस अंश असतात. उन्हात बंद करून ठेवलेल्या गाडीचा डॅशबोर्ड साठ कधी ओलांडतो ते कळतही नाही. तिकडच्या मंडळींनी गाडीतून उतरताना चष्मा, पाकीट आणि ड्राइव्ह अशी तीनही नावं घेत उतरावं. पुण्या-मुंबईत ड्राइव्हपेक्षा माणूस आधी वितळतो.

आणि रस्त्यावर चारशे रुपयांत दोन टीबीचा ड्राइव्ह मिळाला, तर तो देवाला नमस्कार करून तिथेच ठेवावा. आत असते जेमतेम आठ-सोळा जीबीची चिप. तिला दोन टीबी असल्याचं खोटं बोलायला शिकवलेलं असतं. आपण गाणी भरत जातो आणि ती हो हो म्हणत जाते. खरी जागा संपली की नवी गाणी जुन्यांवर चढतात किंवा कुठेच जात नाहीत. यादीत नाव दिसतं, वाजत काही नाही. असा खोटेपणा उघडा पाडायला 'एचटूटेस्टडब्ल्यू' नावाचं एक फुकटचं साधन आहे. पण ते चालवायला पुन्हा तोच पुतण्या आणि पुन्हा पोहे.

हे सगळं पार पडलं, ड्राइव्ह योग्य निघाला, मामा प्रसन्न झाले, की गाणी वाजायला लागतात. खरी मजा इथून पुढे सुरू होते, कारण कुठलं गाणं कशानंतर वाजायचं हेही मामाच ठरवतात.

गीतरामायणाचंच घ्या. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक याप्रमाणे गदिमा आणि बाबूजींची ही छप्पन्न गाणी प्रसारित झाली. महाराष्ट्राने वर्षभर धीर धरून ती क्रमाने ऐकली. ती ड्राइव्हवर भरताना भाविक माणूस फाइलींना १, २, ३ असे आकडे देतो. स्टिरिओला आकडे वाचता येत नाहीत, तो अक्षरं वाचतो. त्याच्या लेखी १ नंतर १०, मग ११, १२ करत १९, आणि मग २. त्यामुळे होतं काय, की कुश-लवांनी गायला सुरुवात केली की दुसरं गाणं थेट दहावं लागतं. बाराव्याला सीतास्वयंवर उरकतं. पुढच्या चार-पाच गाण्यांत राम वनवासाला निघतो. हे सगळं झाल्यावर दुसरं गाणं लागून अयोध्येची ओळख करून दिली जाते. यथावकाश रावण मरतो. मग पाचवं गाणं येतं आणि दशरथाला पायस मिळतं. छप्पन्नावं गाणं संपून आता सगळं आटोपलं असं वाटतं तोच सहावं लागतं आणि राम जन्मतो. समाप्ती नवव्या गाण्याने, म्हणजे त्राटिकेच्या वधाने. पुण्याहून कोल्हापूरला जाईपर्यंत मागच्या सीटवरच्या मुलांच्या डोक्यात जे रामायण तयार होतं त्यात दशरथ सून घरी आल्यावर पुत्रप्राप्तीची सोय पाहत असतो.

उपाय एका शून्याचा आहे. १ नाही, ०१ लिहायचं. शून्याचा शोध ज्या देशात लागला तिथल्या पेन ड्राइव्हवर तेवढं एक शून्य लिहायचा कंटाळा येतो, हे काही ठीक नाही. काही स्टिरिओ तर नावही पाहत नाहीत. ज्या क्रमाने गाणी ड्राइव्हवर टाकली त्याच क्रमाने ते वाजवतात. तिथे जो आधी आला तो आधी, रेशनच्या रांगेचा नियम.

नावांची कथा वेगळीच आहे. महाराष्ट्रात सर्वाधिक गाणी कुणाच्या नावावर आहेत, असं गाडीच्या स्टिरिओला विचारलं तर तो लतादीदींचं नाव घेणार नाही. तो 'अननोन आर्टिस्ट' म्हणेल. या थोर कलावंताने अभंग गायले, लावण्या गायल्या, नाट्यपदं, कोळीगीतं, बालगीतं, काही सोडलं नाही. स्त्री-पुरुष दोन्ही आवाजांत गायलं. आणि सगळं एकाच अल्बममध्ये, ज्याचं नाव 'अननोन अल्बम'.

एमपीथ्री फाइलीवर गाण्याची माहिती लिहायची सोय १९९६ मध्ये निघाली. फाइलीच्या शेपटाला १२८ बाइटची जागा, त्यात गाण्याच्या नावाला तीस अक्षरं आणि गायकाला तीस. लांबलचक नावाची भावगीतं तिथेच कापली गेली. गाण्याच्या प्रकारासाठी एक आकडा ठेवला आणि ऐंशी प्रकारांची यादी केली. त्या यादीत शून्य म्हणजे ब्लूज. ज्याने प्रकार लिहायची तसदी घेतली नाही आणि रकाना शून्यच राहू दिला, त्याचं गाणं ब्लूज. म्हणून आपल्या गाडीत तुकोबांचा अभंग ब्लूज असतो, गवळण ब्लूज असते, हळदीचं गाणंही ब्लूज. पंढरीच्या वाटेवरची तळमळ आणि मिसिसिपीकाठच्या कापसाच्या शेतातली तळमळ यांचं नातं उद्या कुणी अभ्यासक लावेलही. स्टिरिओने ते केव्हाच लावून ठेवलं आहे. त्या मूळ यादीत पोल्का आहे, लावणी नाही.

नाव देवनागरीत लिहिलं तर अनेक स्टिरिओंच्या पडद्यावर नुसते चौकोन उमटतात. किती चौकोन आहेत ते मोजून गाणं ओळखणारे लोक मी पाहिले आहेत. नाव रोमनमध्ये असलं तर बऱ्याचदा त्यात गाण्याऐवजी कुठल्या तरी फुकट्या संकेतस्थळाचा पत्ता निघतो. आणि लेकीने तिच्या मॅकबुकवरून गाणी भरली असतील तर प्रत्येक गाण्यामागे टिंब आणि रेघ जोडलेल्या नावाची एक छुपी फाइल असते. स्टिरिओ तिलाही गाणं समजतो, वाजवायला जातो आणि तोंडघशी पडतो. एक गाणं, एक उसासा, असा सगळा प्रवास.

सर्वांत मोलाची जागा मात्र यादीतल्या पहिल्या गाण्याची. गाडी बंद करून पुन्हा सुरू केली की अनेक स्टिरिओ मागचं सगळं विसरतात आणि पहिल्यापासून आरंभ करतात. हे दुखणं जगभरचं आहे. आयफोन गाडीला जोडला की वर्णानुक्रमातलं पहिलं गाणं आपोआप सुरू होतं, याला वैतागून अमेरिकेत २०१७ मध्ये समीर मेझराही याने एक गाणं विक्रीला काढलं. नावात सुरुवातीला इंग्रजी ए या अक्षराची रांग, म्हणजे यादीत पहिला नंबर पक्का. आत जवळजवळ दहा मिनिटं निव्वळ शांतता. तेवढ्या वेळात माणसाने हवं ते गाणं शोधावं. लोकांनी पैसे मोजून ती शांतता घेतली आणि ती आयट्यून्सच्या खपाच्या यादीत वर चढली.

आपल्याकडे रोमन वर्णानुक्रमात पहिली येते ती आरती. दोन ए ने सुरू होणारी. त्यामुळे भाजीला निघालं, आरती. पेट्रोल भरून निघालं, आरती. दवाखान्यातून परतताना आरती. मागे बसलेल्या आजी दर वेळी पिशवी खाली ठेवून हात जोडतात आणि टाळ्या धरतात. एकदा सुरू झालेली आरती मध्येच तोडायची छाती कुणाची? दोन चौकांवरचं घर येतं, गाडी खाली लागते, पण दार कुणी उघडत नाही. सगळे आत बसून टाळ्या वाजवत असतात. काय झालं ते पाहायला वॉचमन काचेवर टकटक करतो, तर आजी काच खाली करून त्याच्या हातावर खडीसाखर ठेवतात. आरतीच्या फाइलीला ९९ आकडा द्यावा, हा तांत्रिकदृष्ट्या अचूक उपाय आहे. पण देवाला शेवटी बसवल्याचं आजींना कळलं तर तो आकडा देणारा त्या घरात राहू शकेल, याची हमी कुठलीच कंपनी देत नाही.

यातून सुटायला कुणी 'शफल' दाबतो. मग भैरवी संपते न संपते तोच वरातीतलं गाणं अंगावर येतं. जुन्या ध्वनिमुद्रणाचा आवाज बारीक, म्हणून व्हॉल्यूम चोवीसवर नेलेला असतो. त्याच चोवीसवर ढोल-ताशे सुरू होतात आणि सिग्नलला शेजारी थांबलेला रिक्षावाला आपल्याकडे आदराने पाहतो. म्हणून फोल्डर माणशी एक करावेत. बाबांचा एक, आईचा एक, मुलांचा एक. तरी भांडणं होतात, पण निदान कोणाच्या फोल्डरवरून झाली ते कळतं.

तेव्हा घ्यायचाच तर सोळा मिळाला तर सोळा, नाही तर बत्तीस जीबी. नावाजलेल्या कंपनीचा, पक्क्या दुकानातून. बुटका, आणि वर भडक रंगाचा दोरा बांधलेला, म्हणजे सीटखाली शोधता येईल. फॅट-३२. आकड्यांआधी शून्य. वेगाचे आकडे दुकानदाराला परत द्यावेत, त्याला पुढच्या गिऱ्हाइकाला सांगायला लागतात.

कुणी म्हणेल, एवढी उस्तवार कशाला? मोबाइल आहे, ब्लूटूथ आहे, जगातलं प्रत्येक गाणं हवेतून येतं. येतं खरं, पण ताम्हिणीच्या वळणावर रेंज जाते आणि ऐन समेवर पडद्यावर गोल फिरायला लागतो. तेही सोसता येईल. सोसवत नाही ते पुढचं. मागच्या सीटवर सासू-सासरे आहेत, पुढे बायको आहे, गाडी महाबळेश्वरला चालली आहे आणि सुधीर फडके मंद सुरात चालू आहेत. तेवढ्यात फडके थांबतात आणि चारही स्पीकरमधून, चढवलेल्या बाससकट, कॉलेजातल्या मित्राचा आवाज घुमतो, "काय रे, गेली का एकदाची सासरची पलटण?" पुढचा अर्धा घाट गाडीत कुणी काही बोलत नाही. शेवटी मागून सासूबाईच म्हणतात, "अहो जावई, त्या पेन ड्राइव्हवरचंच लावा काहीतरी."

बुटक्या, बिचाऱ्या, सोळा जीबीच्या त्या तुकड्याचा हा गुण अजून एकाही कंपनीच्या लक्षात आलेला नाही. सेकंदाला किती एमबी ते खोडून टाका आणि त्या जागी छापा, 'यावर कुणाचाही फोन येत नाही.' मग सोळाचे चौसष्टच्या भावाने पैसे लावा. विवाहित गिऱ्हाईक एका शब्दाने घासाघीस करणार नाही.